न्यू गिलियडचा मागचा बाक

लाइलबाईंनी अर्झेलिया ब्रॉडनॅक्सला पहिल्यांदा नीट पाहिलं ते शाळेत नव्हे, न्यू गिलियड चर्चमध्ये. शाळेत ती त्यांच्याच वर्गात होती, खिडकीकडच्या रांगेत. बेरजा बऱ्या, अक्षर गिचमिड, बोलणं कमी. तीस मुलांत अशी एक असतेच, जिची आठवण वर्ष संपल्यावर राहत नाही. थिओडोरा लाइल तेव्हा नुकत्याच शिक्षिका झाल्या होत्या आणि हुशार मुलांकडेच त्यांचं लक्ष असे.

त्या रविवारी उकाडा होता. बायका पुठ्ठ्याच्या पंख्यांनी वारा घेत होत्या. गाणं टिपेला गेलं आणि हॅटी पिंकनीच्या अंगात आत्मा संचारला. हॅटी म्हणजे दांडगी, हसरी आणि तोंडाची फटकळ बाई. तिला आवरायला दोन पुरुष लागत. दारात उभं राहून लोकांना जागा दाखवायची, कुणाला भोवळ आली तर सावरायचं, हे काम पांढऱ्या हातमोज्यांतल्या अशर बायकांचं. पण मोठ्या अशर त्या वेळी लांब होत्या. जवळ होती ती बारा वर्षांची, नुकतेच हातमोजे मिळालेली अर्झेलिया. ती धावली नाही की ओरडली नाही. तिने आधी हात उंचावून हॅटीचा चष्मा काढला, काड्या मिटून स्वतःच्या खिशात ठेवला, आणि मग त्या बाईचं सगळं वजन आपल्या छातीवर घेतलं.

उपासना संपल्यावर हॅटी अंगणात सगळ्यांना सांगत होती, "मला धरायचं सोडून कार्टीने आधी चष्मा धरला! बरोबरच आहे म्हणा. मी आपटले तर प्रभू उचलेल, चष्मा फुटला तर तो थोडाच नवा आणून देतोय!"

लाइलबाई त्या दिवसापासून अर्झेलियाकडे बघू लागल्या. तिचं सगळं शहाणपण हातांत होतं, त्यामुळे ते वहीत उतरत नसे. सोळाव्या वर्षी ती न्यू गिलियडची सगळ्यांत चांगली अशर होती. डावा हात पाठीवर मुडपलेला, उजवा तळवा किंचित उघडा. ती नुसती वळली तरी माणसाला आपली जागा कळे.

जुनं न्यू गिलियड विटांचं होतं. गुलामीतून सुटून, नदी ओलांडून या गावात आलेल्या लोकांनी आधी लाकडी चर्च बांधलं, ते गोऱ्यांनी जाळलं. मग त्यांनी नदीच्याच गाळाच्या विटा पाडल्या आणि भाजल्या. विटा पाडणारा ओल्या विटेच्या कोपऱ्यात अंगठा दाबून ठेवी. त्यांतला एक अर्झेलियाचा पणजा होता. त्याचा अंगठा रुंद आणि तिरका होता. दाराच्या डाव्या अंगाला, कमरेच्या उंचीवर, तो ओळीने दिसे. ड्यूटीवर उभी असताना अर्झेलियाचं बोट मागच्या मागे त्या खळग्यात जाई.

आणि त्याच चर्चमध्ये, जिन्याखाली, एक बाक होता. पाठ सरळ, बसायची फळी अरुंद. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीने सगळ्या मंडळीसमोर उभं राहून क्षमा मागायची आणि मग त्या बाकावर जाऊन बसायचं. चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनांनी ठराव मांडून, मंडळीने 'हो' म्हणून तिला परत घेईपर्यंत तिने तिथेच बसायचं. गाणं नाही, प्रभुभोजन नाही, हातमोजे नाहीत. बहुतेकींचा बाक बाळ रांगू लागेपर्यंत सुटे. पुरुषांसाठी असा बाक नव्हता.

एकोणिसाव्या वर्षी अर्झेलियाला उभं केलं.

डीकन पर्विस गेथर समोर बसले होते. त्यांचा मुलगा लॉरेन्झो ऑर्गनवर. गावाला काय ते ठाऊक होतं.

"बोल, पोरी," डीकन म्हणाले.

"मी क्षमा मागते," अर्झेलिया म्हणाली. तिचा आवाज तेव्हाही लहानच होता. "पण हे एकटीनं होत नाही, डीकनसाहेब. तोही उभा राहू दे. दोघं मागतो."

तिने बोट दाखवलं नाही. अशरच्या सवयीने तिचा उजवा तळवा नुसता उघडला आणि ऑर्गनकडे वळला. चारशे माणसांच्या माना त्या दिशेला गेल्या.

"बाक," डीकन म्हणाले.

लॉरेन्झोला महिन्याभरात शिकायला शिकागोला धाडलं. काही वर्षांनी त्याचं लग्न याच चर्चमध्ये झालं. अर्झेलियाने ते जिन्याखालून पाहिलं. तिच्यासाठी ठराव काही आला नाही. लाइलबाईंनी एकदा मंडळीच्या बैठकीत उभं राहून विचारलं, "डीकन, त्या मुलीचं काय ठरलं?"

"सिस्टर लाइल," डीकन हसून म्हणाले, "तुमच्या वर्गात आम्ही कधी पाढे शिकवायला येतो का?"

लोक हसले. डीकनांचं बोलणं नेहमी गोड असे.

"अगं, गावात चर्च काय एकच आहे?" हॅटी तिला म्हणे. "आमच्या जावेच्या चर्चमध्ये जा. तिथला पाळक अर्धा बहिरा आहे, तुझं काही ऐकायचा नाही."

"माझ्या पणज्याच्या विटा तिथे नाहीत," अर्झेलिया म्हणे.

तिची मुलगी वायनेट त्या बाकावरच चालायला शिकली. पोरीला लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा होता, आणि कान होते गेथरांचे, खाली टोकदार. हॅटीने एकदा ते कान टोपीखाली सारले. "थंडी आहे," ती म्हणाली. थंडी नव्हती.

मग महामार्ग आला. नकाशावर तो सरळ आपल्या काळ्यांच्या वस्तीतूनच जात होता, आणि कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. चर्च पाडायचं ठरलं. नवं बांधायला क्लीव्हलँडहून मॅब्री नावाचे वास्तुविशारद आले. आपल्यातलेच, काळे, बारीक मिशीचे, फार नीटनेटके. तळघरातल्या टेबलावर त्यांनी पुठ्ठ्याचा नमुना मांडला.

चर्च गोल होतं. छत काँक्रीटचं, घडी घातलेल्या कागदासारखं, मधे एकही खांब नाही.

"हे चर्च आहे का उपडी घातलेली पावाची टोपली?" हॅटी म्हणाली.

मॅब्रीही हसले. मग त्यांनी पेन्सिलीने दाखवलं. व्यासपीठ मध्यभागी, भोवती बाकांची वर्तुळं. "आपल्या लोकांना या देशात फार वर्षं मागे बसवलं," ते म्हणाले. "बसमध्ये मागे, नाटकात वरच्या माळ्यावर. मी ठरवलं, न्यू गिलियडमध्ये मागे अशी जागाच ठेवायची नाही. इथे शेवटचा बाक नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी डोळे पुसले. अर्झेलिया भिंतीशी उभी होती. सगळे पांगल्यावर ती टेबलापाशी आली आणि वाकून नमुन्यात बघत राहिली.

"काय शोधताय, मॅडम?" मॅब्रींनी विचारलं.

"मागचा बाक."

"नाहीच आहे."

"कुठेच नाही?"

"वर्तुळाला मागची बाजू नसते," ते म्हणाले.

लाइलबाई कप आवरत होत्या. त्यांनी अर्झेलियाचा चेहरा पाहिला. वर्गात एखाद्या मुलाला अवघड गणित अचानक सुटलं की जो चेहरा होतो, तो होता.

त्यानंतर दोन वर्षं तिने नव्या चर्चसाठी जेवढं केलं तेवढं कुणी केलं नसेल. निधीसाठीच्या शनिवारच्या विक्रीला कॅटफिश तळला, रताळ्याच्या गोड पेस्ट्र्या भाजल्या. दिवसा इस्पितळाच्या धुलाईघरात काम, संध्याकाळी हे. जुनं चर्च पाडलं तेव्हा मॅब्रींनी सांगितलं की व्यासपीठामागची भिंत जुन्याच विटांची करायची. विटा साफ करायला लोक हवे होते. पहिल्या आठवड्याला पुष्कळ आले, नंतर अर्झेलिया आणि दोन म्हातारे राहिले. विटेला चिकटलेला चुना खरवडून काढायचा, मग आम्लाच्या पाण्यात घासायचं. तिच्या बोटांची सालं निघाली, नखं काळी पडली. पणज्याच्या अंगठ्याच्या विटा तिने वेगळ्या रचल्या.

"हात बघ काय झालेत," लाइलबाई म्हणाल्या.

"हातमोजे घातल्यावर दिसणार नाहीत, बाई."

"कसले हातमोजे?"

"नव्या चर्चला अशर लागतीलच की," ती म्हणाली, आणि लाजली.

उद्घाटनाच्या रविवारी सगळे जुन्या जागेवर जमले. प्रत्येक घराण्याला एक वीट दिली, ती हातात धरून गात गात नव्या चर्चपर्यंत चालत जायचं होतं. विटा डीकन गेथर वाटत होते. ब्रॉडनॅक्सांचं नाव त्यांनी घेतलंच नाही. अर्झेलिया सहा वर्षांच्या वायनेटचा हात धरून मिरवणुकीच्या शेवटी चालली. तिच्या अंगावर पांढरा झगा होता, हातात जुने हातमोजे. सोललेल्या बोटांवर ते कसेबसे चढले होते.

नवं चर्च आतून फार सुंदर होतं, हे लाइलबाईंनी पुढे नेहमीच मान्य केलं. छताच्या घड्यांमधून ऊन खाली येई आणि फिरत फिरत बाकांवरून जाई. लोक आत शिरले की आपोआप हळू बोलत. दाराच्या आतल्या अंगाला मॅब्रींनी आया आणि तान्ह्या बाळांसाठी एक खोली केली होती. तिची सभागृहाकडची भिंत जमिनीपासून छतापर्यंत काचेची होती. आत एक भोंगा होता. उपदेश आत ऐकू येई, रडं बाहेर जात नसे. आयांना अंधारात बसवायचं नाही, म्हणून त्या खोलीच्या छतालाही त्यांनी उजेडाची फट ठेवली होती.

त्या खोलीत, उजेडाच्या फटीखाली, जिन्याखालचा बाक ठेवलेला होता.

मॅब्री डीकनांपाशी गेले. "हा बाक माझ्या आराखड्यात नाही, साहेब."

"आराखडा तुमचा," डीकन गोड हसले. "बांधलंत तुम्ही, बसवणार आम्ही."

मॅब्रींनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेब छताकडे बघत होते. मॅब्रींचं भाषण होतं, ते त्यांनी केलं, जेवले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

अर्झेलिया बाकावर बसली. जुन्या चर्चमध्ये ती सगळ्यांच्या मागे असे. मागे वळून बघणं असभ्य, म्हणून तिला फारसं कुणी बघत नसे. इथे समोरच्या अर्ध्या वर्तुळाला पाळकाच्या खांद्याआडून ती काचच दिसे. उपदेश चालू असताना ऊन तिच्या डोक्यावर येई. लहान मुलांना ते आवडे. ती बाहेरून काचेला नाक लावून तिच्याकडे बघत. आया तिच्या शेजारी बसेनात, बाळ रडलं तर त्या बाहेर पायरीवर जात. सबंध खोली तिची झाली. त्या पहिल्या रविवारी तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले, आणि मग तिचे ते हात सगळ्यांना दिसले.

"ही काच तरी कशाला इतकी पुसतात?" हॅटी पुटपुटली. त्या दिवशी ती एवढंच बोलली.

वायनेट शाळेत जाऊ लागल्यावर तिला गायकवृंदात घेतलं. मुलाचा दोष नसतो, असं डीकन म्हणाले. तिचा आवाज खोल आणि दाणेदार होता. दर रविवारी ती गायला उभी राही आणि काचेकडे बघून गाई. भोंग्यातून ते आईला ऐकू येई. घरी आली की विचारी, "मम्मा, आज ऐकलंस ना नीट?" दर वर्षी ती डीकनांच्या मागे लागे, "आजोबा, माझ्या मम्माला सोडा ना." लहान मुलं गावातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना आजोबा म्हणतात. डीकन तिच्या हातावर पेपरमिंट ठेवत.

ती सतराची झाली तेव्हा गायकांचे नवे झगे शिवायचे होते. मापं घेतली, आणि मापांनीच चुगली केली.

त्या शनिवारी दुपारी लाइलबाई अर्झेलियाच्या स्वयंपाकघरात कॉफी घेत होत्या. वायनेट तालमीला निघाली होती. दारात तिने आईच्या गळ्यात हात टाकले. "मम्मा, त्यांना कळलं तर?"

"तुला मी त्या बाकावर बसू देणार नाही," अर्झेलिया म्हणाली. "जा. बटणं लाव."

पोरगी गेली आणि थोड्याच वेळात काठी टेकत डीकन आले. ते आता थकले होते. त्यांनी खिशातून पातळ कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. आत हातमोजे होते, नवे, पांढरे.

"मंडळाने ठरवलंय," ते म्हणाले. "उद्या तुझा ठराव मांडतो."

 अर्झेलियाने मेजाची कड धरली.

"आणि वायनेट?" लाइलबाईंनी विचारलं.

"तिला उभं राहावं लागेल. नियम आहे. पण तिला पुढे आणायला अशर लागते, आणि अर्झेलियासारखी अशर या गावात पुन्हा झाली नाही. हे मी नेहमी म्हणतो." ते अर्झेलियाकडे वळले. "तू आणलीस तर त्याच सभेत तुझं काम होईल. नाही आणलीस तर दुसरी कुणी आणेल. तिचं काही टळत नाही. तुझं तेवढं राहून जाईल."

"डीकन, ती तुमची नात आहे," लाइलबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे कुणी मोठ्याने बोललं नव्हतं.

डीकनांनी त्यांच्या कपाकडे पाहिलं. "सिस्टर लाइल, कॉफी थंड होतेय."

ते गेल्यावर लाइलबाई पुष्कळ बोलल्या. पोरीला घेऊन माझ्याकडे ये, उद्या जाऊच नका, दुसऱ्या गावात माझी बहीण आहे. अर्झेलिया ऐकत होती. ऐकता ऐकता तिने एक हातमोजा घातला, बोटं मिटली, उघडली, आणि मनगटापाशी बटण लावलं. बटण पहिल्याच खेपेला लागलं. ते पाहिल्यावर लाइलबाईंनी बोलणं थांबवलं.

रविवारी गाणं संपलं, आणि अर्झेलिया काचेच्या खोलीतून बाहेर आली. डावा हात पाठीवर, उजवा तळवा किंचित उघडा. अठरा वर्षांत तिची चाल बदलली नव्हती. लोक श्वास रोखून बघत होते. वायनेटने गायकांच्या रांगेतून आईला येताना पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं, झालं, ऐकलं त्यांनी.

"मम्मा! सोडलं तुला?" ती म्हणाली. पहिल्या दोन रांगांना ते ऐकू गेलं.

अर्झेलियाने हात पुढे केला. वायनेटने तो धरला आणि खुशीत खाली उतरली. व्यासपीठासमोर आल्यावर, डीकन उठून उभे राहिल्यावर, तिच्या ध्यानात आलं. ती हात सोडवू लागली. हातमोज्यातली पकड सुटली नाही. पोरगी खाली बसू लागली. तेव्हा अर्झेलियाने मोकळ्या हाताने तिचा चष्मा काढला, काड्या मिटल्या, आपल्या खिशात ठेवला, आणि मग तिचं वजन स्वतःवर घेतलं.

लाइलबाईंना पुढे कितीदा तरी वाटलं की हे तिने मायेने केलं, पोरीला माणसांचे चेहरे दिसू नयेत म्हणून. आणि तितक्याच वेळा वाटलं की तसं काही नव्हतं, ती फक्त आपलं काम चोख करत होती.

वायनेटने क्षमा मागितली. तिला बाकावर पाठवायला 'हो'चा गजर झाला. मग अर्झेलियाचा ठराव आला, पुन्हा गजर झाला, आणि डीकन गेथरांनी तिचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. लोक रडले. हॅटी पिंकनी उठली आणि बाहेर निघून गेली. पुन्हा ती न्यू गिलियडमध्ये आली नाही, जावेच्या चर्चला जाऊ लागली.

अर्झेलियाने मुलीला काचेच्या खोलीपर्यंत नेलं, बाकाकडे तळवा केला, ती बसल्यावर दार लावलं आणि आपल्या जागेवर येऊन उभी राहिली. उपदेश सुरू झाला. ऊन सरकत काचेवर आलं तेव्हा वायनेट उठली. चष्म्याशिवाय तिला दिसत नव्हतं. ती चाचपडत काचेच्या अगदी जवळ आली आणि आईच्या दिशेने काहीतरी बोलू लागली. बराच वेळ बोलली. तोंड हलत होतं, मान हलत होती, श्वासाने काच धुरकट झाली. समोरच्या बाकांवरच्या दोनशे माणसांनी ते पाहिलं. कुणालाही एक शब्द ऐकू आला नाही. अर्झेलिया तिच्याकडे तोंड करून सरळ उभी होती, हलली नाही.

मग वायनेट मागच्या दाराने गेली. डेट्रॉइटला राहते, असं नंतर कळलं. मुलगा झाला, हेही परक्यांकडून कळलं.

डीकन गेथर वारले तेव्हा त्यांच्या शवपेटीपाशी अर्झेलियाच उभी होती. आता ती अशर मंडळाची अध्यक्ष होती. नव्या मुलींना ती उभं राहायला शिकवी आणि खांदा जरा वाकडा झाला तरी घरी पाठवी. नंतर दोन मुली त्या बाकावर बसल्या, त्यांनाही तिनेच नेलं. मग तरुण पाळक आले, त्यांनी ती चाल बंद केली. अर्झेलियाने विरोध केला नाही, पाठिंबाही दिला नाही.

एकदा, अगदी म्हातारपणी, लाइलबाईंनी विचारलं, "वायनेट काय म्हणाली होती गं त्या दिवशी?"

"काचेतून ऐकू येत नाही, बाई," अर्झेलिया म्हणाली. "मी तिथे बसलेय. मला माहीत आहे."

आता न्यू गिलियड सरकारच्या जपण्याजोग्या इमारतींच्या यादीत आहे. लांबून लोक येतात, वास्तुकला शिकणारी मुलं जमिनीवर आडवी पडून छताचे फोटो काढतात. काचेच्या खोलीतल्या बाकावर पितळी पट्टी आहे, 'जुन्या चर्चमधला मूळ बाक'. पाहुणे त्यावर बसून फोटो काढून घेतात. त्यांना तिथवर अर्झेलिया नेते आणि बाकाकडे तळवा करते. एखाद्या बाईने विचारलं, "इथे बसलं तर चालेल ना?" तर ती म्हणते, "बसा ना."

अर्झेलिया सत्तरीला टेकली आहे. लिंडन स्ट्रीटवरच्या घरात एकटी राहते. हातमोज्यांच्या खणात तिच्या मुलीचा चष्मा आहे. पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी पूर्वेच्या दारावर तिची पाळी असते.